निरीक्षकाने मॅनेजमेंट शिकायचं तर: लेव्हल ३, लेव्हल ५ की भिंगच बरं?

इंग्लंडमध्ये वनस्पती आरोग्य निरीक्षणात, म्हणजे बाहेरून आलेली रोपं, फळं, फुलं किडी-रोगांसाठी तपासण्याच्या नोकरीत, चार-पाच वर्षं काढली की एक दिवस वरिष्ठ विचारतातच, "मॅनेजमेंटची अॅप्रेंटिसशिप करतेस का?" म्हणजे नोकरी करता करताच करायचा अभ्यासक्रम. मला विचारलं तेव्हा मी लेव्हल ५ घेतली, माझ्याबरोबरच्या एकाने लेव्हल ३ घेतली, आणि तिसरीने नाही म्हणून सांगितलं. आता हाच प्रश्न आपली मराठी मुलं-मुली मला विचारतात, म्हणून तिन्ही वाटा शेजारी-शेजारी ठेवून लिहिते.

पैशाचा मुद्दा पटकन संपवू, कारण तिथे दोन्ही लेव्हल सारख्याच. शिकणाऱ्याने एक पेनीही भरायची नसते. वर्षाला ३० लाख पौंडांपेक्षा जास्त पगार वाटणाऱ्या संस्था एप्रिल २०१७ पासून वरच्या रकमेवर अर्धा टक्का लेव्ही, म्हणजे एक प्रकारचा कर, भरतात, शिक्षणाचा खर्च त्यातून निघतो. तुमचा पगार चालू राहतो. पात्रतेच्या दोन अटी मात्र आधीच तपासा. कामाचे निम्मे तरी तास इंग्लंडमध्ये भरायला हवेत. आपली निरीक्षण सेवा इंग्लंड आणि वेल्स दोन्हीकडे चालते, त्यामुळे वेल्सच्या बाजूला नेमणूक असलेल्यांची इथे अडचण होते. आणि भारतातून आलेल्यांना सहसा मागची सलग तीन वर्षं यूकेत वास्तव्य दाखवावं लागतं.

आता लेव्हलच्या आकड्याबद्दल. लेव्हल ३ म्हणजे इथल्या बारावीच्या तोडीचं, लेव्हल ५ पदवीच्या एक पायरी खाली. कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. करून आलेल्याला हे ऐकून कसंतरीच होतं. होऊ देऊ नका. शिकायचं ते खरोखर नवीन असेल तर पदवीपेक्षा खालची लेव्हलही घेता येते, आणि कीटकशास्त्रातल्या एम.एस्सी.ने माणसं सांभाळायला कुणाला शिकवलेलं नाही. आकडा हुद्दा सांगत नाही, कामाचा पल्ला सांगतो.

तो पल्ला एका उदाहरणाने सांगते. पानांच्या पेट्या आल्या आहेत. नवा निरीक्षक वरची पेटी उघडतो, पानं वरून बघतो, पुढे जातो. मी तीच जुडी उचलून पांढऱ्या ट्रेवर झटकते, पानं उलटी करून शिरेच्या कडेने दहापटीचं भिंग फिरवते, आणि ट्रेमध्ये पिवळट रंगाचा, मिलिमीटरभर लांबीचा फुलकिडा चालताना दिसतो. ओल्या ब्रशच्या टोकाने त्याला उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचं, लेबल लावायचं, नमुना यॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. किडा सापडला, माझं काम झालं. पण त्या मुलाला हे कसं सांगायचं, की तो उद्या स्वतःहून पान उलटेल आणि आज चारचौघांत खजीलही होणार नाही? ही लेव्हल ३. समोरची पाच-सहा माणसं, त्यांचं रोस्टर, त्यांना काम सोपवणं, चूक सांगणं, दोघांमधली कुरबुर मिटवणं.

लेव्हल ५ मध्ये प्रश्न वेगळा असतो: दोन ठिकाणचे निरीक्षक एकाच प्रकारच्या मालावर वेगवेगळा निर्णय का देतात? आपल्याला याचं मोल सांगायला नको. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतातल्या आंब्यावर बंदी घातली, तेव्हा ब्रिटनही संघात होता. मालात फळमाशी सापडत होती, कारण खरं होतं. बंदी उठायला २०१५ उजाडलं, आणि हापूसचा एक हंगाम गेला. ज्या निर्णयाचे पडसाद इतक्या लांब कोकणातल्या बागेपर्यंत जातात, तो निरीक्षकागणिक बदलता कामा नये. त्यासाठी एकाला समजावून भागत नाही. प्रशिक्षण, नोंदी, मनुष्यबळ, बजेट अशी सगळी घडी बसवावी लागते. दुसरं उदाहरण ३० एप्रिल २०२४ चं. युरोपातून येणारी जास्त जोखमीची रोपं तोवर बहुतेक पोहोचल्या जागी, नर्सरीत तपासली जायची, ती तपासणी सीमेवरच्या चौक्यांवर आली. कोण कुठे, किती वाजता, कोणत्या मालाला आधी हात लावणार, हे नव्याने मांडणं अगदी लेव्हल ५ चं काम.

म्हणून माझं मत: आज तुमच्या हाताखाली माणसं असतील, किंवा लवकरच येणार असतील, तर लेव्हल ३. एकापेक्षा जास्त टीमचं नियोजन खरोखर तुमच्या हातात असेल तरच लेव्हल ५. पोर्टफोलिओत, म्हणजे आपण केलेल्या कामाच्या फाइलीत, पुरावे प्रत्यक्ष कामाचे द्यायचे असतात. बजेट कधी बघितलंच नाही तर त्या रकान्यात लिहिणार काय? मी थोडी घाई केली होती. पहिले सहा महिने वरिष्ठांकडून काम मागून घेण्यात गेले, आणि मागितलेलं काम करून मिळवलेला पुरावा शेवटच्या मूल्यमापनातल्या चर्चेत लगेच उघडा पडतो. माझा सहकारी लेव्हल ३ साधारण सव्वा वर्षात पूर्ण करून मोकळा झाला. मला दोन वर्षं लागली.

सगळ्यात जास्त विचार करा तो वेळेचा. शिक्षणाचे तास कामाच्या पगारी वेळेतच मिळायला हवेत, असा नियम आहे. सुटीच्या दिवशी शिकलात तर बदली रजा मिळायला हवी. मी केलं तेव्हा पूर्णवेळ माणसाला आठवड्याला किमान सहा तास धरले जायचे. ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक अभ्यासक्रमाचे एकूण किमान तास ठरवून दिलेत. कागदावर हे छान दिसतं. पण विमान रात्री उतरतं, फुलं थांबत नाहीत, आणि गुरुवारच्या दुपारी राखलेले तीन तास पहिल्याच धावपळीत जातात. मदर्स डेच्या आधीच्या आठवड्यात तर अभ्यासाचं नावही काढू नका. माझ्या पहिल्या लाइन मॅनेजरने हे तास कधी राखलेच नाहीत, मी रविवारी पहाटे लिहीत बसायचे, आणि त्याची भरपाई मागायचं धाडस मला उशिरा झालं. तुम्ही अॅप्रेंटिसशिपच्या कागदांवर सही करायच्या आधीच हे तास मागा. "माझी ड्यूटी त्या दुपारी कोण करणार?" या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळालं तरच पुढे जा. "बघू, जमवू" हे उत्तर असेल तर त्या वर्षी थांबा. मला वाटतं, लेव्हल ३ की ५ यापेक्षा हे उत्तर महत्त्वाचं.

पोर्टफोलिओसाठी एक बारीक सूचना: आयातदाराचं नाव, मालाचा क्रमांक, नर्सरीचा पत्ता हे सगळं काढून मगच पुरावा द्या. हे पहिल्या दिवसापासून केलं तर शेवटी शंभर पानं पुन्हा चाळावी लागत नाहीत.

लेव्हल ६ म्हणजे चार्टर्ड मॅनेजरची पदवीही असते. पदवी आधीच असेल तर साडेतीन-चार वर्षं त्यात घालायचं मला कारण दिसत नाही.

राहिली तिसरीची वाट. ती म्हणाली, "मला मीटिंगमध्ये बसायचं नाही, मला किडे ओळखायचेत." रॉयल सोसायटी ऑफ बायॉलॉजीकडे वनस्पती आरोग्य व्यावसायिकांची स्वतंत्र नोंदणी आहे, ती त्या दिशेने गेली. आज आमच्याकडे एखादी अळी कुणाला ओळखू आली नाही की फोटो आधी तिलाच जातो. लोक याला मागे राहणं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मॅनेजर झाल्यापासून माझं भिंग आठवड्यातून एखाद्या दिवशीच बाहेर निघतं, आणि तो दिवस मी मुद्दाम रोस्टरमध्ये घालून ठेवते. तुम्हाला पान उलटण्यातच सुख वाटत असेल, तर वरिष्ठांना ते तसंच सांगा आणि नोंदणीचा अर्ज मागा.