गारगोटीची टोकं, बांबूचे बाण: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

गेल्या हिवाळ्यापासून मी दगडी टोकांचे बाण स्वतः बनवून चालवते आहे. टोकं दोन तऱ्हेची वापरली. एक, व्हिडिओंमध्ये सगळीकडे दिसतं ते: दोन्ही अंगांनी दाबून छिलके काढलेलं, बुडाशी दोन खाचा असलेलं त्रिकोणी टोक. दुसरं, आपल्याकडच्या मध्याश्मयुगीन, म्हणजे शेतीच्या आधीच्या शिकारी लोकांच्या जागांवर सापडतं तसं: गारगोटीचं दोन-अडीच सेंटिमीटरचं पातं, एक कड बोथट केलेलं आणि राळेच्या लुकणात बसवलेलं. आता पहिली तऱ्हा मी जवळजवळ सोडली आहे. दिसायला ती फार देखणी असते, पण वापरात दुसरी कितीतरी सरस आहे.

शिकारीबद्दल विचारणारे बरेच भेटतात म्हणून ते आधी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि बाण हाताने घडवला म्हणून सूट मिळत नाही. माझे बाण सासवडच्या बाजूला एका मैत्रिणीच्या शेतात, मातीच्या उंच बांधापुढे ठेवलेल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यावरच सुटतात. गठ्ठ्यावर जुनं चामडं ताणलं की धार कळते. अमेरिकेत जुनी टोकं जमवणारे हौशी लोक बारीक दगडी टोकांना ‘पक्ष्यांची टोकं’ म्हणतात, पण तिथल्या मैदानी प्रदेशातल्या लोकांनी असल्याच छोट्या टोकांनी बायसन मारले आहेत. चामड्यावर मला कारण दिसलं. पातळ, हलकं टोक थोड्या जोरातही आत शिरतं. जाड टोक कातडं ढकलतं आणि अडतं.

दगड आपल्या पायाखाली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातल्या पोकळ्यांत सिलिका साचून गारगोटी, अकीक, जास्पर तयार झाले. विहिरी खणताना, खाणींत, नदीच्या वाळूत ते मिळतात. आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणाचं बारीक टोक होत नाही, त्याचा कण त्या कामाला भरड पडतो. गारगोटीचे गोटे मात्र लहान असतात, मुठीएवढे किंवा त्याहून छोटे, आणि पोटात कितीदा स्फटिक नाही तर जुना तडा निघतो. अशा गोट्यातून मोठं त्रिकोणी टोक काढायचं म्हणजे अर्धा दगड वाया. त्याच गोट्याचा गाभा, म्हणजे पाती उतरवायचा मूळ ठोकळा, नीट तयार केला, तर एकामागून एक पाती उतरतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी ही रीत परिपूर्ण केली होती: गाभ्यावर आधी एक नागमोडी कणा काढायचा, तो पहिल्या पात्यासोबत उडवायचा, मग मागे उरलेल्या सरळ कडांच्या रेषेने पुढची पाती निघत राहतात. तांबं त्यांना ठाऊक होतं, पण ते दुर्मीळ. रोजची धार गारगोटीची. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. येरवड्याला त्यांच्या संग्रहालयात जाऊन ही पाती आणि गाभे शेजारी-शेजारी बघा. हात चालू झाल्यावर बघितलं की प्रत्येक छिलक्याची खूण वाचता येते.

कोरडी गारगोटी हट्टी असते. वाळूने भरलेल्या लोखंडी कढईत पुरून ती हळूहळू तापवली आणि तशीच हळूहळू निवू दिली की छिलका लांब आणि गुळगुळीत सुटतो. घाई केली तर दगड आतून फुटतो. गुजरातमधल्या खंभातचे कारागीर अकीक असाच भाजतात. त्यातल्या लोहामुळे रंगही लालसर होतो. त्याच खंभातमध्ये दगडाच्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला आहे, आणि हा आजार बरा होत नाही. म्हणून काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, चांगला मास्क आणि चष्मा लावूनच. बाल्कनीत किंवा घरात लहान मूल असताना हे काम मुळीच करू नका.

दाबून छिलके काढायला सांबराचं शिंग वापरतात असं वाचाल. आपल्याकडे ते बाळगणं कायद्याच्या कचाट्यात येतं, त्या फंदात पडू नका. तांबट आळीतून तांब्याची जाड सळई आणली, टोक घासून मुठीत बसवली, उत्तम चालते. मांडीवर कोल्हापुरी चपलेच्या तळाचं जाड चामडं.

खरी परीक्षा सांध्याची. राळ, मधमाशीचं मेण आणि कोळशाची पूड एकत्र वितळवून लुकण करते. थंडीत राळ जास्त झाली की ते काचेसारखं तडकतं, म्हणून मेण वाढवायचं. एप्रिल-मेच्या उन्हात उलट: बाण बाहेर राहिले की टोक कलतं, तेव्हा राळ वाढवायची, कोळसाही थोडा जास्त. पावसाळ्यात लुकणाने मला एकदाही दगा दिला नाही. त्रिकोणी टोकांना मात्र मी शिरेने बांधलं होतं. मटणवाल्याकडून बकऱ्याच्या पायाची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी चिवट दोरी) आणायची, वाळवायची, ठेचून तिचे धागे करायचे आणि ओले करून गुंडाळायचे. सुकताना ती इतकी घट्ट आवळते की मन खूश होतं. पण जुलैच्या दमट हवेत तीच शीर सैल पडली, टोकं खुळखुळू लागली. वरून मेण-राळेचा हात दिला की बराच फरक पडतो, तरी सततच्या पावसात भरवसा नाही.

मोडण्याचंही तसंच. खाचांचं टोक पेंढ्यातल्या खड्याला लागलं की हमखास खाचेपाशी तुटतं, कारण मान तिथेच बारीक असते. मग बांधणी उलगडा, नवं टोक घडवा, पुन्हा शीर भिजवा. राळेतलं पातं तुटलं तर सांधा निखाऱ्याजवळ धरायचा, तुकडा काढायचा, दुसरं पातं दाबायचं. चहा उकळेपर्यंत बाण तयार. टोकाला एक आणि बाजूला काट्यासारखं एक पातं तिरकं बसवलं की बाण रुतून राहतो. भीमबेटकाच्या गुहाचित्रांत असे काटेरी बाण स्पष्ट दिसतात. पात्याची पाठ बोथट करायला मात्र विसरू नका. त्या खडबडीत कडेवरच लुकण पकडतं, आणि बाणाची काडीही चिरत नाही.

काडी मी बुरूड आळीतून निवडून आणलेल्या बारीक बांबूची करते. पेरं निखाऱ्यावर शेकून सरळ करायची. पावसाळ्यात काड्या पुन्हा वाकतात, दर काही दिवसांनी शेकाव्या लागतात. पुढे बाभळीचा बोटभर लांब तुकडा पोकळीत बसवला की धडक तो झेलतो आणि बांबू वाचतो. पिसं कोंबडीची, तीन. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या ओत्झीच्या, म्हणजे हजारो वर्षं गोठून राहिलेल्या माणसाच्या, भात्यात चौदा बाण होते, त्यातले फक्त दोन पूर्ण झालेले. त्यांनाही तीनच पिसं, आणि गारेचं टोक बर्च झाडाच्या डांबराने व धाग्याने पक्कं केलेलं. धनुष्य माझं बांबूचं आहे, पण दोरी नायलॉनची. सातपुड्यातले भिल्ल बांबूच्या सालीचीच दोरी लावतात. ती नीट शिकून घ्यायची माझी फार इच्छा आहे.

एक गोष्ट मनापासून सांगते. इनामगावसारख्या जागेवरून एक छिलकाही उचलू नका. आणि तुमचे छिलके शेतात, नदीकाठी टाकू नका. ताजी गारगोटी दोन-चार पावसाळ्यांत जुन्यात मिसळते आणि पुढच्या संशोधकाची दिशाभूल होते. मी सगळं ताडपत्रीवर गोळा करते आणि पुरताना खड्ड्यात बाटलीची काच व चालू सालचं नाणं टाकते. घडवलेल्या पात्यांवर हिऱ्याच्या पेनाने साल कोरते.

नव्याने सुरुवात करत असाल तर बाटलीच्या जाड तळावर हात बसवा. काच गारगोटीहून मऊ असते आणि अगदी तशीच फुटते. हातमोजे घाला, काचेची धार गारगोटीहूनही वाईट कापते. नंतर दगडाकडे वळताना त्रिकोणी टोकाचा नाद न धरता थेट गाभा आणि पाती शिका. राळ, मेण, कोळसा एवढं सामान घरात असलं की पहिला बाण त्याच आठवड्यात सुटतो.