घरी उकडलेलं भात भरडायला आमच्या गावची गिरण

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घरचं भात घरीच उकडणारी घरं अजून आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आमच्याकडे हे काम बायकांचं: आजेसासूबाई, सासूबाई, जाऊबाई आणि मी. भात रात्रभर भिजत घालायचं, पहाटे भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, उकडायचं, तूस फुटलं की खळ्यावर पसरायचं. दाणा दाताखाली ‘कट्’ वाजला की वाळलं. आजींचे दात गेल्यापासून दाणा सासूबाई चावतात आणि आवाज आजी ऐकतात. त्या हो म्हणाल्याशिवाय पोतं भरत नाही.

एवढ्या कष्टाचं भात मोठ्या गिरणीत दिलं की दुसऱ्याच्या भातात मिसळतं, नाहीतर पांढरं होईस्तोवर घासलं जातं. ज्योती जातीच्या तांदळाचा लालपणाच गेला तर त्या पेजेला चव कसली?

आमच्या गावच्या गिरणीत एकच पोतं असलं तरी वेगळं भरडतात. आधीच्या घराचं भात पूर्ण संपवून मगच आपलं ओततात, आणि पॉलिश किती हवं ते विचारतात. आम्ही एकच हात, म्हणजे एकदाच घासायला, सांगतो.

जुन्या लोखंडी हलरमध्ये, म्हणजे भरडायच्या आधीच्या यंत्रात, तूस आणि कोंडा एकत्र पडायचा. गाईला घालायच्या आधी जाऊबाई चाळत बसायच्या. आता रबरी रोलरचं यंत्र आलंय, तूस वेगळं पडतं, कोंडा वेगळा. कोंडा गोठ्यात जातो, तूस पुढच्या उकडीला चुलीत. नव्या यंत्रावर आजींचा मुळीच विश्वास नव्हता. पहिला तांदूळ आला तेव्हा सुपात घेऊन त्या कणी शोधत बसल्या, आणि फारशी सापडली नाही. उकडताना दाण्यातल्या भेगा सांधल्या जातात, म्हणून नीट उकडलेलं भात मुळातच कमी तुटतं. पण जुना हलर तेही तोडायचा. नीट वाळलेल्या 100 किलो भाताचे 65 ते 70 किलो तांदूळ मिळायला हवेत, आम्हाला तेवढे मिळतात. काट्याचे आकडे आपल्याला दिसतील असे समोर असतात, हे मला फार आवडलं.

बसायला मात्र धड बाक नाही, धूळ खूप. आजींना सोबत नेता येत नाही याचं वाईट वाटतं. गिरणवाल्यांनी दाराबाहेर सावलीत एक बाक टाकावाच.

ओलसर भात ते परत पाठवतात, त्यावर रागावू नका. दिवाळीच्या सुमारास रांग असते, आदल्या दिवशी विचारून जा. कोंडा आपलाच असतो, त्यासाठी घरून वेगळं पोतं न्या.