गोव्यात सफारी घ्यावी की डिफेंडर?

टाटाची सफारी आणि लँड रोव्हरची डिफेंडर, दोन्ही गाड्यांचं घराणं आता एकच आहे. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि आजच्या सफारीचा सांगाडा लँड रोव्हरच्या डी-८ प्लॅटफॉर्मवरूनच बेतलेला आहे. त्यामुळे गोव्यात मोठी एसयूव्ही घ्यायला निघालेल्या आणि हात थोडा सैल असलेल्या घरांत ही जोडी हमखास चर्चेला येते. एकीकडे साधारण पंधरा ते सव्वीस लाखांच्या शोरूम किमतीत मिळणारी डिझेल सफारी, दुसरीकडे कोटीच्या आसपास सुरू होणारी डिफेंडर ११०. माझं मत आधीच सांगतो: गोव्यात राहून रोज इथल्याच रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी सफारी घ्यावी. पैसा हे त्याचं एक कारण आहे, पण सगळ्यात मोठं कारण आपले रस्ते आणि आपली घरं आहेत.

तरी पैशांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण कोटीची गाडी म्हणजे कोटीचा माल, असा अनेकांचा समज असतो. डिफेंडर भारतात बनत नाही. ती स्लोव्हाकियातल्या नित्रा इथल्या कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येते. चाळीस हजार डॉलरपेक्षा महाग अशा आयात गाडीवर सीमाशुल्क आणि उपकर मिळून ११० टक्के लागतात, आणि त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. म्हणजे बंदरात १०० रुपयांना उतरलेली गाडी कर भरून २९४ रुपयांची होते. विक्रेत्याचा नफा त्यानंतर. सफारीलाही जीएसटी ४० टक्केच, पण सीमाशुल्काचा प्रश्न नाही, त्यामुळे १०० ची १४० होते. उलट मोजलं तर कोटीच्या डिफेंडरमध्ये जेमतेम चौतीस लाखांची गाडी आहे आणि सव्वीस लाखांच्या सफारीत साडेअठरा लाखांची. किंमत जवळपास चौपट, पण गाडीतला फरक दुपटीलाही पोहोचत नाही. डिफेंडर चालवताना तो फरक जाणवतोच. फक्त किमतीच्या फरकाएवढा जाणवेल अशी अपेक्षा ठेवू नका.

परदेशी बिल्ला असलेली प्रत्येक गाडी आयात केलेली असते असंही नाही. मर्सिडीजची जीएलसी आपल्या चाकणला जोडली जाते, ऑडीची क्यू-५ छत्रपती संभाजीनगरला, बीएमडब्ल्यूची एक्स-३ चेन्नईजवळ. सुटे भाग आणून इथे जोडल्यामुळे शुल्क कमी बसतं. खुद्द लँड रोव्हरने २०२४ मध्ये रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्टची जोडणी पुण्यात सुरू केली, तेव्हा त्यांच्या किमती खाली आल्या. म्हणून डिफेंडरवर मन बसलं असेल आणि घाई नसेल, तर थांबा. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार कराराचा डिफेंडरला थेट उपयोग नाही, कारण कंपनी ब्रिटिश असली तरी ही गाडी तिथे बनत नाही. स्लोव्हाकिया ज्यात येतो त्या युरोपीय संघाशी व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा मात्र २७ जानेवारी २०२६ ला झाली, आणि त्यात ठरावीक कोट्यापर्यंत गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याचं ठरलं आहे. डिफेंडरसारख्या गाडीवर ही बचत लाखांत जाते.

फरकाचे पाऊणशे लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सव्वापाच लाख व्याज येतं. सफारीचं डिझेल, विमा आणि सर्व्हिसिंग त्या व्याजात आरामात भागेल. रस्ता कर किमतीच्या टक्क्यांत असतो आणि विम्याचा प्रीमियमही किमतीबरोबर फुगतो, हे शोरूमच्या आकड्यावर चढतं ते वेगळंच.

आता रस्त्यांकडे वळू.

डिफेंडर ११० ची रुंदी आरसे मिटून २००८ मिलीमीटर आणि आरसे उघडून २१०५. म्हणजे जवळजवळ सात फूट. सफारीची रुंदी १९२२ मिलीमीटर, आरसे सोडून. कागदावर साडेतीन इंचांचा फरक किरकोळ वाटतो. साळगाव, हळदोणे, असगाव किंवा चोडणच्या आतल्या रस्त्याला लागलात की तो कळतो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचं कुंपण, त्याच्या पायथ्याशी पावसाने धुऊन नेलेली कडा, वळणावर पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला) उभा, आणि समोरून शाळा सुटायच्या वेळेची बस. बस मागे जात नाही, जायलाही नको. मग तुम्हालाच मागे यावं लागतं, फाटक शोधून त्यात अर्धी गाडी घालून थांबावं लागतं. सफारी अशा ठिकाणी आरसे मिटून सरकते. ती काही छोटी गाडी नाही, पण तिचं नाक कुठे संपतं याचा अंदाज आठवड्याभरात येतो. डिफेंडरची बसण्याची जागा उंच, बॉनेट सपाट, कोपरे चौकोनी, त्यामुळे कोपऱ्यांचा अंदाज उलट लवकर येतो. हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. पण वळायला तिला जवळजवळ तेरा मीटरचं वर्तुळ लागतं, आणि मागच्या दारावर टांगलेल्या स्टेपनीसकट ती पाच मीटरच्या वर जाते. फोंताइन्याशच्या गल्लीत किंवा म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला ही लांबी दर वेळी दमवते.

त्यासाठी एक काम करा. शोरूमला जाण्याआधी टेप घेऊन घरचं फाटक, पोर्चचे खांब आणि फाटकासमोरचा रस्ता मोजा. जुन्या घरांची फाटकं बैलगाडी आणि पुढे अँबॅसेडरच्या मापाने बांधलेली आहेत. आठ फुटांच्या फाटकातून सात फुटांची गाडी सरळ रेषेत जाते. अरुंद रस्त्यावरून काटकोनात वळून आत घ्यायची म्हटली की नाही जात. कुळागराकडे (सुपारी-नारळाच्या बागेकडे) जाणाऱ्या वाटेवर पाटाचं पाणी ओलांडायला घातलेली चिऱ्याची साकव असेल तर तीही बघून घ्या. सफारीचं वजन सुमारे अठराशे किलो, डिफेंडरचं सव्वादोन टनांच्या वर, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळं कुटुंब व सामान भरलं की तीन टनांकडे जातं.

चवथीचा विषय निघाला म्हणून मागच्या दाराबद्दल सांगतो, कारण कुठल्याही माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं. सफारीचं मागचं दार वर उघडतं, डिफेंडरचं कुशीला. भाद्रपदात माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान घेऊन डिचोलीच्या बाजारातून निघालात आणि सर आली, तर सफारीचं उघडलेलं दार डोक्यावर छप्पर धरतं. त्याखाली उभं राहून नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड नीट रचता येतो. डिफेंडरचं दार बाजूला झालं की पाऊस थेट सामानावर आणि मागच्या सीटवर. शिवाय त्या जड दाराला पूर्ण उघडायला मागे मोकळी जागा लागते. भिंतीला लागून गाडी लावली असेल तर आधी पुढे घ्या, मग दार उघडा. एकदा-दोनदा काही वाटत नाही. रोजच्या वापरात मात्र अशा गोष्टींमुळेच गाडी आवडती होते किंवा नकोशी.

तिसऱ्या रांगेचंही तसंच. सफारी सहा किंवा सात जणांची म्हणूनच बनलेली आहे आणि मागे मोठी माणसं फोंड्यापर्यंत बिनतक्रार बसतात. डिफेंडर ११० मध्ये तिसरी रांग असली तरी ती मुलांचीच. आजी-आजोबा घरात असतील तर चढणंही बघा. दोन्ही गाड्या उंच. डिफेंडर एअर सस्पेन्शनवर (हवेच्या दाबाने गाडी वर-खाली करणाऱ्या यंत्रणेवर) थोडी खाली बसते, त्यामुळे नऊवारीतल्या आजीला बरं पडतं.

डिफेंडर कुठे पुढे आहे? पाण्यात आणि चिखलात, निर्विवाद. ती ९०० मिलीमीटर पाण्यातून जाऊ शकते, चारही चाकं खेचतात, आणि तिच्यात जमिनीप्रमाणे चाकांची ताकद वाटण्याची खरोखर उत्तम यंत्रणा आहे. सफारीला टेरेन मोडचं बटण असलं तरी तिची पुढचीच दोन चाकं खेचतात. ओल्या शेवाळावर, चढणीच्या मातीच्या वाटेवर ती फिरत राहील आणि डिफेंडर निघून जाईल. सत्तरी तालुक्यात आत शेती-बागायत असेल, पावसाळ्यात म्हादईच्या किंवा तिच्या उपनद्यांच्या काठाने रोज जायचं असेल, तर हा फरक पैसे मोजण्यासारखा आहे.

पण ही क्षमता गोव्यात वापरणार कुठे, हे विचारा. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि दर वर्षी वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्या आणि त्यांच्यावरचे गुन्हे आपण वाचतोच. दूधसागरला स्वतःची गाडी नेता येत नाही. कुळ्याहून स्थानिक जीपनेच जावं लागतं, आणि गोव्यातली सगळ्यात अवघड नदीपार वाट त्या देशी जीपा रोज तुडवतात. उरलं ते पावसात तुंबलेलं शहर. तिथे शहाणपण असं की बॉनेटपर्यंत पाणी असेल तर कुठल्याच गाडीने जाऊ नये, कारण खाली उघडं गटार असू शकतं. विम्यात इंजिन प्रोटेक्ट घ्या, दोन्हींसाठी. इंजिनात पाणी जाऊन ते जाम झालं तर साधा विमा हात वर करतो.

घाटात आणि लांबच्या प्रवासात डिफेंडरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि एअर सस्पेन्शन यांची सर सफारीला नाही. सफारीचं दोन लिटरचं डिझेल १७० पीएस आणि ३५० एनएम देतं. चोर्ला घाट चढायला ते भरपूर आहे, फक्त इंजिन आवाज करून सांगतं की मेहनत चालली आहे. बेळगाव किंवा कोल्हापूरला उतरल्यावर पाठ दोन्ही गाड्यांत ठीक असते. पुण्या-मुंबईपर्यंत महिन्यातून अनेकदा जाणाऱ्याला मात्र डिफेंडरचा आराम पटेल. सुरक्षिततेत दोघीही चोख आहेत. सफारीला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप आणि भारत एनकॅप या दोन्ही टक्कर-चाचण्यांत पाच तारे मिळाले, डिफेंडरला २०२० मध्ये युरो एनकॅपचे पाच. चाचण्या वेगळ्या, त्यामुळे तारे एकमेकांसमोर ठेवून मोजू नका.

डिझेल घेताना एक सावधगिरी दोन्हींना लागू. पणजी-म्हापसा, मडगाव-फातोर्डा एवढंच रोजचं फिरणं असेल, तर धुराच्या नळीतला डीपीएफ फिल्टर पुरता तापत नाही, काजळी साचते आणि दिवा लागतो. आठवड्यातून एकदा राष्ट्रीय महामार्ग ६६ वर अर्धा तास एका वेगाने गाडी पळवा. ते जमणार नसेल तर डिझेल नकोच. त्यापेक्षा हॅरियरची विजेवरची आवृत्ती बघा. तिच्यावर जीएसटी ५ टक्के, चारही चाकं खेचणारं मॉडेल मिळतं, आणि गोव्यातली अंतरं तिला सोयीची आहेत.

माझ्या दृष्टीने निर्णय फिरवू शकणारी आणखी एक गोष्ट वर्कशॉप आहे. खारी हवा, चार महिने दमट, बोनेटखाली ऊब शोधत येणारे उंदीर, माडाखाली उभी गाडी: गोव्यात गाडीला काम निघणारच. सफारीच्या वायरी उंदराने कुरतडल्या तर फोंड्याचा किंवा साखळीचा इलेक्ट्रिशियनही वेळ मारून नेतो, आणि पार्ट सहसा गोव्यातच किंवा पुण्याहून येतो. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाच्या परदेशी एसयूव्हीचं एअर सस्पेन्शन ऐन जुलैत बसलं. पार्ट परदेशातून येईपर्यंत आठवडे गेले, आणि पाहुण्यांनी भरलेलं घर भाड्याच्या टॅक्सीवर चाललं. बाहेरच्या गॅरेजवाल्याला हात लावू द्यावा तर वॉरंटी जाऊ शकते. म्हणून महागडी गाडी घेणाऱ्याने शोरूममध्ये दोनच प्रश्न नेटाने विचारावेत: हे काम गोव्यात होतं की गाडी बाहेर न्यावी लागते, आणि तोवर दुसरी गाडी देता का? उत्तर लेखी घ्या. वाढीव वॉरंटी न घेता ही गाडी घेऊच नका.

घरात रोजची एक छोटी गाडी आधीच आहे, फाटक रुंद आहे, सत्तरी-सांगेकडे बागायत आहे आणि गाडी दहा-बारा वर्षं ठेवायची आहे, अशा माणसाने डिफेंडर खुशाल घ्यावी. तिचं चीज होईल.

एक तिसरा मोहही असतो. सफारीच्या किमतीत जुनी परदेशी एसयूव्ही, बहुतेक दिल्लीकडची. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तशा त्या स्वस्तात बाहेर विकल्या जाऊ लागल्या. इकडे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर पुन्हा नोंदणी करावी लागते, रस्ता कर भरावा लागतो, आधीच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणि कर्जमुक्तीचा दाखला लागतो. गाडी जुनी झाली तरी तिच्या पार्टचे भाव नव्या गाडीचेच राहतात. सव्वीस लाख हातात असतील तर ते अशा गाडीत घालू नका. त्याच पैशांत नवी सफारी घ्या, आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या समोरच्या हमरस्त्यावर न घेता तुमच्या वाड्यापर्यंत, तुमच्या फाटकातून आत, घरच्या सगळ्यांना बसवून घ्या.