"तांबेरा येणारच नाही" म्हणून विकलेला गहू

पेरणीच्या धांदलीत परभणी भागातल्या एका मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, नेत्रावती वाणाच्या नावाने गव्हाच्या तीन बॅगा आमच्या गळ्यात मारल्या गेल्या. "काका, तांबेरा आला तर पैसे परत!" (तांबेरा म्हणजे गव्हावरचा बुरशीचा रोग.) बियाणं गुलाबी पावडरीत घोळलेलं, बॅगेवर ठसठशीत नाव, प्रमाणित बियाण्याचा टॅग मात्र नाही. पक्की पावती मागितली तर "मशीन बंद पडलंय", आणि हातात चिठोरी: 'गहू 3 कट्टे'.

नेत्रावती हे निफाडच्या गहू संशोधन केंद्राचं वाण. कमी पाण्यात येतं, तांबेऱ्याला प्रतिकारक आहे, म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपतं.

निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, सोंग उघडं पडलं. काही ताटं उंच, काही ठेंगणी. काही लोंब्या भरत आलेल्या, काही अजून पोटरीत. बाजारातला खायचा गहू चाळून रंगवलेला, दुसरं काय! पुढे पानांवर नारिंगी पुटकुळ्या आल्या, बोट फिरवलं की भुकटी लागायची. बांधाला बांध लागून चुलत्यांची टॅगवाली नेत्रावती, पेरणी त्याच आठवड्यातली, पानं स्वच्छ.

पावडरीला भुलू नका. बियाण्याला औषध चोळणं, म्हणजे बीजप्रक्रिया, काणीसारख्या बियाण्यातून येणाऱ्या रोगांसाठी असते. तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर येतात, त्याला अडवणारी ताकद वाणाच्या अंगातच लागते. तीही कायमची नसते. युगांडात 1999 च्या सुमारास सापडलेल्या यूजी-99 या काळ्या तांबेऱ्याने जगभर वापरातला एक प्रतिकारक जनुक निकामी केला. मग मोंढ्यावरचा माणूस गॅरंटी कशाच्या जोरावर देतो?

तक्रार घेऊन गेलो तर त्याच दुकानदाराने 'तांबेरा जाळणारं' टॉनिक पुढे केलं. बाटलीवर ना नोंदणी क्रमांक, ना विषारीपणाचा रंगीत चौकोन. ते तिथेच ठेवलं आणि दुसरीकडून प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक आणून लिटरला 1 मिली फवारलं. रोग थांबला, पण दाणे आधीच चिरमटलेले.

प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, पायाभूतला पांढरा. टॅगवरचा लॉट नंबर पावतीवर उतरवून घ्या, टॅग आणि मूठभर बियाणं जपून ठेवा. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे गेलो तेव्हा पहिली मागणी याच गोष्टींची झाली. आमच्याकडे होती ती चिठोरी, तिच्यावर दुकानाचं नावही नाही. तरी अर्ज दिला आहे.

दुकान चालूच आहे. यंदा तिथे 'मर (झाड वाळवणारा रोग) न लागणारा' हरभरा आलाय म्हणे.