एनएफएल गेम पास: फक्त ऑगस्टच्या सराव सामन्यांपुरतं परीक्षण

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. तिचा प्रीसीझन, म्हणजे मोसमाआधीचे सराव सामने, बघायला पैसे कशाला घालवायचे, असं बहुतेक जण म्हणतात. निकालाला किंमत नाही, नावाजलेले क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे मुख्य खेळाडू) आक्रमणाच्या दोन-तीन खेपा खेळून डोक्यावर टोपी चढवून कडेला उभे, आणि चौथ्या क्वार्टरला मैदानावर कोण आहे हे समालोचकालाही कागद बघून सांगावं लागतं. डॅझोन या स्ट्रीमिंग सेवेवर मिळणाऱ्या एनएफएल गेम पासचं हे परीक्षण त्या चौथ्या क्वार्टरच्या पोरांसाठीच आहे. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या, सातही फेऱ्यांत ज्यांचं नाव पुकारलं गेलं नाही आणि तरीही ५३ जणांच्या यादीत घुसायचंय, ते अनड्राफ्टेड रूकी, म्हणजे निवड न झालेले नवखे. जानेवारीचे प्लेऑफ बघायला हा पास कसा, तो विषय वेगळा.

आधी हिशेब. २०२५च्या ड्राफ्टमध्ये ३२ संघांनी मिळून २५७ जण उचलले. सातवी फेरी संपायच्या आतच उरलेल्यांच्या एजंटांचे फोन वाजायला लागतात. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात 'अनसोल्ड' राहिलेला घरी बसतो. इथे त्याच संध्याकाळी करार होतो, आणि पोराला संघ निवडायची थोडी मुभाही असते. म्हणून शहाणे एजंट सातव्या फेरीत निवड न झालेली बरी म्हणतात. ज्या संघाकडे त्या जागेवर माणसं कमी, तिकडे जायचं. करार तीन वर्षांचा, हातात पडणारा बोनस किरकोळ. उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडे ९० जण असतात आणि ऑगस्टअखेर उरतात ५३. पूर्वी ही छाटणी टप्प्याटप्प्याने व्हायची. २०२३पासून ती एकाच दिवशी होते. बघणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार सोयीचा, कारण शेवटच्या सराव सामन्यापर्यंत सगळे ९० हजर असतात आणि तळाच्या पोरांना जास्त स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारी एकेक चाल) मिळतात.

आता पासकडे. सामने थेट दिसतात, संपल्यावर पूर्ण रेकॉर्डिंग मिळतं आणि साधारण चाळीस मिनिटांची आटोपशीर आवृत्तीही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना भारतात पहाटे साडेचारला लागतो, पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी साडेसातला. उठायची गरज नाही. या कामासाठी रेकॉर्डिंगच बरं, कारण थांबवून, मागे नेऊन बघावं लागतं.

चाळीस मिनिटांची आवृत्ती मात्र टाळा. ती दोन स्नॅपमधला वेळ कापून बनवलेली असते आणि आपल्याला हवा तोच वेळ तो. कोण कोणाच्या जागी धावत आला, पंटच्या (चेंडू लाथेने लांब मारून समोरच्याला देण्याच्या) तुकडीत कोण उतरलं, चूक झाल्यावर प्रशिक्षकाने कोणाला बाजूला घेतलं, हे सगळं त्या कापलेल्या भागात असतं. उरतात ते टचडाउन, आणि टचडाउनवरून अनड्राफ्टेड पोराचं भवितव्य ताडणारा हमखास तोंडघशी पडतो. चौथ्या क्वार्टरला त्याने ज्यांना चकवलं, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या हातात त्याच आठवड्यात नारळ पडणार असतो.

सराव सामन्यांचं प्रक्षेपण बहुतेक वेळा संघाच्या गावातली स्थानिक वाहिनी करते. त्याचे फायदे-तोटे दोन्ही आहेत. समालोचक घरचा असल्याने त्याला ८७व्या क्रमांकाच्या पोराचं कॉलेजही पाठ असतं. पण तिसऱ्या क्वार्टरला कडेला एखाद्या बड्या खेळाडूची मुलाखत सुरू होते, पडदा दोन भागांत वाटला जातो आणि खेळ कोपऱ्यातल्या चौकटीत जातो. नेमका तोच वेळ आपल्या पोरांचा! यावर इलाज नाही. आवाज बंद करून छोट्या चौकटीत डोळे घालायचे.

बसण्यापूर्वी संघाच्या संकेतस्थळावरून रोस्टरची यादी उतरवून घ्या. ९० जणांना ० ते ९९ मधले क्रमांक वाटायचे आणि काही क्रमांक निवृत्त केलेले, त्यामुळे सराव सामन्यांत एकच क्रमांक दोघांकडे असतो, एक आक्रमणातला, एक बचावातला. स्पेशल टीम्समध्ये (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांत) ४९ नंबरने टॅकल केला तर तो कुठला ४९, हे यादीतल्या वजनावरून आणि पाठीवरच्या नावावरून ठरवावं लागतं. यादीवरच प्रत्येक जागेपुढे खूण करा: संघ रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) बहुधा पाच-सहा ठेवतो, कॉर्नरबॅक (त्यांना रोखणारे) पाच-सहा, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) तीन-चार. अनड्राफ्टेड पोराची लढत त्या शेवटच्या एका खुर्चीसाठी असते, आणि समोर बहुतेकदा पाचव्या-सहाव्या फेरीत घेतलेला कोणीतरी बसलेला असतो. त्याला जास्त बोनस दिलेला असतो, शिवाय तो ज्याने निवडला त्या स्काउटची अब्रूही पणाला लागलेली असते. बरोबरी झाली तर खुर्ची ड्राफ्टवाल्याची.

म्हणून खरी परीक्षा स्पेशल टीम्सची. किकऑफ, किकऑफ रिटर्न, पंट, पंट रिटर्न या चारही तुकड्यांत चालणारा माणूस सहावा रिसीव्हर असूनही ठेवला जातो. नुसता छान झेल घेणारा सहावा रिसीव्हर नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ब्रेंडन स्कूलर २०२२ला असाच बिनड्राफ्टचा आला आणि २०२४ला स्पेशल टीम्सच्या जोरावर मोसमातल्या सर्वोत्तमांच्या पहिल्या ऑल-प्रो संघात बसला.

पंट कसा बघायचा ते सांगतो, कारण पास घेऊनही लोक तेवढ्या वेळात चहा करायला उठतात. चेंडूला पाय लागण्याआधी रेषा ओलांडून पुढे धावायची मुभा फक्त दोन टोकांच्या माणसांना असते. हे गनर. बाकीच्यांनी किक होईपर्यंत थांबायचं. साहजिकच समोरचा संघ एकेका गनरवर कधी एक, कधी दोन जॅमर सोडतो. स्नॅप होताच गनर हातांनी त्यांचे हात झटकून निसटतो का, ते आधी बघा. सीमारेषेबाहेर ढकलला गेला तर लगेच आत परततो का, तेही बघा. स्वतःहून बाहेरून पळाला तर दंड. मग सगळ्यात महत्त्वाचं, रिटर्नर तीन-चार यार्डांवर आल्यावर पावलं आखूड करून कंबर खाली घेतो का. नवी पोरं इथेच फसतात. कॉलेजात वेगावर निभावलेलं असतं, त्याच वेगात सरळ घुसतात, रिटर्नर एक पाऊल बाजूला सरकतो आणि गनर प्रेक्षकांच्या दिशेने निघून जातो.

पासची सर्वांत मोठी उणीवही इथेच दिसते. टीव्हीचा कॅमेरा किकनंतर चेंडूच्या मागे वर जातो आणि गनर चौकटीतून गायब होतात. त्यावर जुगाड एकच: चेंडू रिटर्नरच्या हातात पडतो त्या क्षणाला चित्र थांबवा, पाच यार्डांच्या आत कोण पोचलंय त्यांचे क्रमांक लिहा. तीन सामन्यांतले सगळे पंट असे मोजले की प्रशिक्षकाच्या वहीतलं निम्मं पान आपल्याकडे आलं. सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) आणि खोलवरच्या कॉर्नरबॅकचं तेच दुखणं. चेंडू हवेत गेल्यावरच ते दिसतात, त्याआधी कुठे उभे होते ते कळत नाही.

किकऑफचं गणित २०२४पासून पार बदललंय. मारणारा ३५ यार्डांच्या रेषेवर आणि त्याचे दहा साथीदार थेट समोरच्या संघाच्या ४० यार्डांवर उभे. चेंडू जमिनीला किंवा कोणाच्या हाताला लागेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. लांबून धावत येऊन आदळणाऱ्याचं महत्त्व त्यामुळे घटलं. जवळून ब्लॉक अंगावर घेऊन तो सोडवू शकणारे लाइनबॅकर, सेफ्टी, टाइट एंड यांचा भाव वधारला. २०२५ला टचबॅक (किक न परतवता चेंडू जिथून मिळतो ती जागा) ३५ यार्डांवर नेला, तेव्हापासून परतवलेल्या किकही वाढल्या. म्हणजे बघायला मालही जास्त.

किती खेळला यापेक्षा कधी खेळला, याला वजन द्या. पहिल्या क्वार्टरला, मुख्य खेळाडू मैदानावर असताना, पंटच्या तुकडीत एखादा अनड्राफ्टेड दिसला तर त्याच्या नावापुढे मोठी खूण. तिसऱ्या सामन्यात तो धडधाकट असूनही बसवला तर जवळजवळ पक्का समजा. संघाला त्याला दुखापतीपासून जपायचंय आणि दुसऱ्या संघांच्या नजरेतून लपवायचंयही. उलट तिसऱ्या सामन्यात चारही क्वार्टर राबवला तर टाळ्या वाजवणाऱ्यांनी आवरतं घ्यावं. आणि चुका मोजाच. पंट रिटर्नवर पाठीत दिलेला ब्लॉक, होल्डिंग, हातातून निसटलेला साधा झेल. स्टारला असली चूक माफ होते. या पोरांना एकही पुरेशी असते.

एवढं सगळं करूनही हा पास चित्राचा तुकडाच दाखवतो. २०२०ला कोविडमुळे सराव सामने झालेच नाहीत. त्याच वर्षी जॅक्सनविल जॅग्वार्सने ऑगस्टच्या शेवटी लेनर्ड फोर्नेटला सोडलं आणि इलिनॉय स्टेटचा अनड्राफ्टेड जेम्स रॉबिन्सन मुख्य रनिंग बॅक झाला. त्याने मोसमात १,०७० यार्ड धावून काढले. एकाही सराव सामन्याशिवाय. निर्णय सरावाच्या मैदानावर आणि बैठकांच्या खोलीत होतात. गेम पासवर ते दिसत नाही, दिसणारही नाही. या एका कारणासाठी पाचपैकी साडेतीन.

नुसत्या ऑगस्टसाठी वर्षाचा पास घेणं परवडणारं नाही. पुढचा मोसमही बघणार असाल तर मात्र ऑगस्ट फुकट मिळाल्यासारखाच. घेताना आपोआप नूतनीकरणाचा पर्याय चालू आहे की बंद, ते आधी बघून घ्या. न्यू जर्सी किंवा शिकागोत राहणाऱ्या वाचकांना हा पास तिथे मिळत नाही. त्यांनी एनएफएलची अमेरिकेतली सेवा, एनएफएल प्लस, घ्यावी. त्यात गावाबाहेरच्या संघांचे सराव सामने थेट दिसतात, आणि प्रीमियम प्रकारात 'ऑल-२२' म्हणजे बावीसही खेळाडू चौकटीत ठेवणारं चित्रणही मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे स्टेडियम गाठणं. सीझन तिकीटवाल्यांना सराव सामने गळ्यात पडलेले असतात, त्यामुळे ते पुनर्विक्रीत स्वस्तात काढतात. खालच्या महागड्या रांगा सोडा. मध्यरेषेच्या आसपासचा वरचा मजला घ्या. तिथून गनर सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतो. बॅग पारदर्शकच हवी, १२ बाय ६ बाय १२ इंचांच्या आतली.

छाटणीच्या दिवशी पासचा काडीचा उपयोग नाही. मुदत पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी चारची, म्हणजे आपल्याकडे रात्री दीडची. यादी लागली तरी लगेच जर्सी मागवू नका. सोडलेले नवखे वेव्हर्सवर जातात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊपर्यंत, कुठलाही संघ त्यांच्यावर हक्क सांगू शकतो. तिथून एखादा बरा कॉर्नरबॅक हाती लागला की काल ५३ मध्ये आलेला अनड्राफ्टेड आज बाहेर. कोणीच न घेतलेल्यांतून १६ जणांचं सराव पथक उभं राहतं. फरक पैशाचाही आहे: २०२५ला मुख्य यादीतल्या नवख्याला मोसमाचे किमान ८ लाख ४० हजार डॉलर, सराव पथकात आठवड्याचे १३ हजार, म्हणजे १८ आठवडे टिकला तरी २ लाख ३४ हजार. पथकातल्या पोराला संघ तीनदा सामन्यापुरता वर आणू शकतो, चौथ्यांदा हवा असेल तर मुख्य यादीत जागा द्यावी लागते. दुसऱ्या संघाला तो हवा असेल तर त्यालाही थेट आपल्या ५३ मध्येच घ्यावं लागतं. त्यामुळे तुमच्या वहीतली खूण खरी होती की खोटी, ते कधीकधी ऑक्टोबरच्या एखाद्या मंगळवारी कळतं. यादी फाडून टाकू नका.