लॅपटॉपचा प्रोजेक्टर घेताय? दुकानातली ट्यूबलाइट चालूच राहू द्या

नागपुरात बर्डीत किंवा धंतोलीला यशवंत स्टेडियमजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत पोर्टेबल प्रोजेक्टर मागितला की दुकानदार आधी दिवे बंद करतो आणि मग समुद्रातल्या रंगीत माशांचा व्हिडिओ लावतो. अंधारात मासे कुठल्याही प्रोजेक्टरवर सुंदरच दिसतात. आपल्याला दाखवायची असते एक्सेलची शीट, तीही भर दुपारी, समोर तीस पोरं वही घेऊन बसलेली असताना. म्हणून दिवे चालू ठेवायला सांगा आणि आपलाच लॅपटॉप जोडा.

खोक्यावरच्या लुमेनवर, म्हणजे उजेडाच्या मापावर, जाऊ नका. आठ-दहा हजारांच्या चिनी बनावटीच्या प्रोजेक्टरवर ९,००० किंवा १५,००० लुमेन छापलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. एएनएसआय किंवा आयएसओ लुमेन, म्हणजे ठरलेल्या मानक पद्धतीने मोजलेला उजेड, विचारा. तो आकडा सांगता येत नसेल, तर तो सांगण्यासारखा नाही असं समजा.

आता साधा हिशेब. १६:९ प्रमाणातलं ६० इंची चित्र म्हणजे जवळपास १ चौरस मीटर, १०० इंची म्हणजे पावणेतीन. लुमेनला या क्षेत्रफळाने भागलं की पडद्यावर किती लक्स पडतात ते निघतं. ट्यूबलाइटच्या खोलीत भिंतीवर आधीच १५० लक्स उजेड आहे असं धरा. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, त्यामुळे भिंतीवरचा हा उजेड हाच आपला ‘काळा’.

सॅमसंगचा द फ्रीस्टाइल घ्या. कंपनी ५५० एलईडी लुमेन सांगते, एएनएसआयमध्ये ते २३० च्या आसपास येतात. १०० इंचांवर पडतात ८३ लक्स. पांढरा २३३, काळा १५०, म्हणजे दीडपट फरक. या फरकात एक्सेलमधली ३ आणि ८ ओळखू येत नाही. तोच फ्रीस्टाइल पडदे ओढून, दिवे घालवून ६० इंचांवर लावा, भिंतीवरचा उजेड ५ लक्सवर आणा, तर फरक ४७ पट होतो आणि चित्र झकास दिसतं. यंत्र वाईट नाही, आठशे ग्रॅमचं आहे, १०८० पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) खरंच आहे, पण ते रात्रीचं यंत्र आहे. लॅपटॉपवाल्यांसाठी त्यात एक खोच आहे: त्याला मायक्रो एचडीएमआयचं बारीक तोंड आहे आणि नेहमीची केबल त्यात बसत नाही. केबल किंवा अडॅप्टर त्याच दिवशी घ्या. आत बॅटरीही नाही. पॉवर बँकेवर चालवायचा तर ती पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारची, किमान ५० वॉट देणारी हवी.

क्लासवाल्यांसाठी आमचं मत ऑफिसच्या पांढऱ्या डब्याकडे, उदाहरणार्थ एप्सनचा ईबी-ई०१. वजन २.४ किलो, पाठीवरच्या बॅगेत मावतो, ३,३०० लुमेन. दिसायला अगदीच सरकारी! त्याची चित्र तयार करणारी पॅनेल ४:३ आकाराची, १०२४ बाय ७६८ ची आहे. लॅपटॉपचं रुंद चित्र टाकलं की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि पाव उजेड वाया जातो. उरलेल्या साधारण २,४७५ लुमेनमध्ये १०० इंचांवर ९०० लक्स पडतात. ट्यूबलाइटमध्ये फरक सात पट. फळ्यासमोरची एकच ट्यूब घालवून भिंतीवरचा उजेड ५० लक्सवर आणलात, तर १९ पट. इन्फोकॉम या दृकश्राव्य उद्योगाच्या संघटनेच्या मानकात नुसतं बघण्यासाठी किमान ७ पट आणि वाचून निर्णय घेण्यासाठी १५ पट फरक मागितला आहे, म्हणजे एका ट्यूबच्या बटणावर काम होतं. मात्र अक्षर १८ पॉइंटच्या खाली ठेवू नका. १०८० पीचं चित्र या पॅनेलवर दाबून बसवलं जातं आणि देवनागरीचे रफार, अनुस्वार आधी गळतात.

स्वस्त प्रोजेक्टरवर ‘१०८० पी सपोर्टेड’ लिहिलेलं असतं. सपोर्टेड म्हणजे आत घेतो. दाखवतो ७२० पी किंवा त्याहूनही कमी. पकडायची युक्ती: डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० आणि स्केल १०० टक्के करा, पेंटमध्ये एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघा काढा, प्रोजेक्टरचं कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र सरळ करणारी सोय) बंद ठेवा. रेघा सुट्या दिसल्या तर खरं. करडा लगदा किंवा लाटा दिसल्या तर खोटं. मग चारही कोपऱ्यांतली अक्षरं बघा. एकाच एलसीडीच्या स्वस्त यंत्रात मधलं अक्षर नीट लागलं की कोपरे पुसट होतात, आणि त्याला इलाज नाही.

कीस्टोन हा शेवटचा उपाय. ते चित्र वाकडं करून सरळ दाखवतं, पिक्सेल खातं. आधी स्टुलाची उंची बदला.

जोडताना विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपचा पडदा १६:१० असतो, ‘डुप्लिकेट’ केलं की चित्राचा आकार जुळत नाही. आवाज गायब झाला तर तो एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या मिणमिण्या स्पीकरवर गेलेला असतो. टास्कबारवरच्या स्पीकरमधून परत लॅपटॉप निवडा. प्रत्येक यूएसबी-सी तोंडातून चित्र येत नाही, शेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण बघा. केबल ५ मीटरची पुरते. वायरलेस सिनेमापुरतं ठीक, पण माउस मागून धावत येतो.

आता नागपूरचा उन्हाळा. बहुतेक प्रोजेक्टरची मर्यादा ३५ किंवा ४० अंश असते. मे महिन्यात वरच्या मजल्यावरची खोली दुपारीच तिथे पोचते आणि संध्याकाळी गच्चीचा स्लॅबही तापलेलाच असतो. आधी पंखा कोकलतो, मग उजेड कमी होतो, मग यंत्र बंद पडतं. कूलरच्या झोतात ठेवणं हा सगळ्यांना सुचणारा आणि चुकीचा उपाय: दमट हवेबरोबर पाण्याचे तुषार आणि पॅडचा भुसा आत जातो. स्वस्त एलसीडीत हवा थेट पॅनेलवरून फिरते, म्हणून धूळ चित्रात धुरकट ठिपके होऊन बसते आणि सततच्या उष्णतेने मध्यभागी पिवळा डाग पडतो. कूलर बाजूला ठेवा, यंत्राभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. ईबी-ई०१ चा फिल्टर बाहेर निघतो. तो मऊ ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका.

बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. खोक्यावर जुनी एमआरपी असेल, तर बिलातला कराचा रकाना दुकानातच वाचा.