ल्युमिपल्स पी-टाऊ 217 रक्तचाचणी: बाईचा रिपोर्ट कसा वाचावा

फुजिरेबिओची 'ल्युमिपल्स जी' ही अल्झायमरच्या निदानाला मदत करणारी, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची (एफडीए) मान्यता मिळालेली पहिली रक्तचाचणी (मे 2025). पी-टाऊ 217 आणि बीटा-अ‍ॅमिलॉइड 42 ही अल्झायमरशी निगडित दोन प्रथिनं रक्तात मोजून ती पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारं गुणोत्तर देते; गुणोत्तर जास्त आलं की रिपोर्ट पॉझिटिव्ह. ती आहे विसरण्याच्या तक्रारी घेऊन विशेषज्ञांकडे आलेल्यांसाठी. धडधाकट माणसाने सहज म्हणून करू नये.

काम चोख आहे. 499 नमुन्यांत पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी 91.7 टक्के लोकांच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइड खरंच सापडलं, निगेटिव्हपैकी 97.3 टक्के लोकांत नव्हतं. 20 टक्क्यांहून कमी रिपोर्ट अनिर्णित आले. अशांना पेट स्कॅन (मेंदूत साचलेलं प्रथिन दाखवणारी तपासणी) किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी तपासणं हाच मार्ग.

गडबड होते ती बहुधा नळीपाशी. रक्त जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत घेतात. ते तसंच तासन्‌तास बाहेर राहिलं की अ‍ॅमिलॉइड 42 घटतं, पी-टाऊ मात्र जवळपास तेवढंच राहतं. समजा, पी-टाऊ 0.15 आणि अ‍ॅमिलॉइड 30 आहे, तर गुणोत्तर 0.005. अ‍ॅमिलॉइड 24 वर आलं की तेच 0.00625 होतं, म्हणजे आजार न वाढता आकडा पाव पटीने वर. रक्त किती वाजता घेतलं आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) किती वाजता वेगळा केला, हे लॅबला विचाराच.

आता मुख्य मुद्दा. रिपोर्ट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ठरवणाऱ्या सीमा, म्हणजे कटऑफ, स्त्री-पुरुषांसाठी एकच आहेत. अ‍ॅमिलॉइड आहे की नाही, एवढंच विचारायचं असेल तर ते योग्यच. पण अ‍ॅमिलॉइड सारखंच वाढलेलं असताना बायकांच्या पेट स्कॅनमध्ये टाऊ जास्त दिसतं, विशेषतः कानशिलाच्या आत, स्मरणाशी संबंधित एंटोऱ्हायनल भागात. त्यातून शब्द लक्षात ठेवण्यात बायका मुळात सरस. स्मरणचाचणीतली पंधरा शब्दांची यादी त्या आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात नीट म्हणून दाखवू शकतात. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह, पण स्मरणचाचणी ठीक' म्हणून बाईला वर्षभरासाठी घरी पाठवणं ही गंभीर चूक आहे. तिला टाऊ दाखवणारा पेट स्कॅन आणि लवकरची फेरतपासणी हवी.

मूत्रपिंड मंदावलं की रक्तातलं पी-टाऊ वाढतं. गुणोत्तरामुळे हा दोष बराच भरून निघतो, पूर्ण नाही. इथेही बाईच्या बाबतीत फसगत होते: 75 व्या वर्षी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला निर्देशक) 1.1 असेल तर त्यावरून काढलेला पुरुषाचा ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) साधारण 70 येतो, बाईचा 52. म्हणून 'क्रिएटिनिन नॉर्मल' या शेऱ्यावर थांबू नका. ईजीएफआरचा आकडा त्याच आठवड्यातला घ्या आणि दोन्ही कागद डॉक्टरांसमोर एकत्र ठेवा.